नाण्यावरचा रंग: आपसूक चढलेला की मुद्दाम चढवलेला?

अमेरिकेत 1878 ते 1904 या काळात आणि नंतर पुन्हा 1921 मध्ये पाडलेला चांदीचा मॉर्गन डॉलर जगभरचे संग्राहक हौसेने जमवतात. एकाच वर्षाचे, एकाच टांकसाळीचे आणि कधीही चलनात न फिरलेले असे तीन डॉलर समोर ठेवले आहेत असे समजा. पहिला पांढराशुभ्र. दुसऱ्यावर एका कडेपासून सोनेरी, किरमिजी आणि निळ्या रंगाचे पट्टे उमटलेले. तिसऱ्यावरही तेच रंग, कदाचित जरा जास्तच भडक. बाजारात दुसऱ्याला पहिल्याच्या कित्येक पट भाव येतो आणि तिसऱ्याला पहिल्याइतकाही येत नाही, कारण जाणकारांच्या मते त्याचा रंग कोणीतरी चढवलेला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ लहरीपणा वाटतो. दोन्ही नाण्यांवर चांदीचेच सल्फाइड आहे, दोन्ही दिसायला देखणी आहेत, मग एकाला डोक्यावर घ्यायचे आणि दुसऱ्याला दारातूनच परत पाठवायचे, हे का? माझे म्हणणे असे की हा भेद खरा आहे, बऱ्याच अंशी तपासताही येतो. मात्र तो रसायनात शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. तो नाण्याच्या इतिहासात आहे. रंग तपासणारा जाणकार शेवटी एकच प्रश्न विचारत असतो: हे नाणे जिथे पडून राहिले असावे, तिथे पडून राहून हा रंग असाच चढला असता का?

आधी रंग येतो कुठून ते पाहू. चांदीला साध्या हवेतला ऑक्सिजन फारसे काही करत नाही, गंधक करते. हवेत अत्यल्प प्रमाणात असणारा हायड्रोजन सल्फाइड, शिवाय कागद, पुठ्ठा, कापड, रबर यांतून सुटणारी गंधकाची संयुगे चांदीशी जुळतात आणि तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. दमट हवेत हे काम जास्त वेगाने चालते. थर पातळ असतो तोवर प्रकाश त्यातून आरपार जातो. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही आत शिरून खालच्या चांदीवरून परततो, आणि या दोन लाटा एकत्र येताना थराच्या जाडीप्रमाणे काही रंग एकमेकांना मारून टाकतात. उरलेले आपल्याला दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसणारे रंग याच कारणाने दिसतात. थर वाढत जातो तसा आधी जांभळा-निळा प्रकाश मारला जातो, म्हणून नाणे पिवळसर सोनेरी दिसते. मग हिरवा मारला जातो आणि किरमिजी उरतो. मग तांबडा मारला जातो आणि नाणे निळे होते. रंगांचा हा पहिला फेरा थर शंभर नॅनोमीटर जाडीचा होण्याआधीच संपतो, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पुढे दुसरा फेरा सुरू होतो: पुन्हा पिवळा, पुन्हा किरमिजी, आणि आता हिरवाही. पहिल्या फेऱ्यात खरा हिरवा येत नाही. पातळ थरांच्या रंगांचा असा ठरलेला क्रम न्यूटनने 1704 च्या आपल्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथातच नोंदवून ठेवला आहे. थर फारच जाड झाला की प्रकाश आतच शोषला जातो आणि नाणे राखाडी, शेवटी काळे होते.

या क्रमावरून एक कसोटी सहज सुचते. फिकट सोनेरीला लागून एकदम हिरवा असेल, मध्ये किरमिजी नाही, निळा नाही, तर शंका घ्यावी. ही कसोटी खरीच आहे, पण ती जितकी सांगते त्याहून जास्त तिच्यावर लादू नये. मुद्दाम गंधकाची वाफ दिली तरी तयार होते ते सिल्व्हर सल्फाइडच, आणि त्याचा थरही याच क्रमाने रंग बदलतो. म्हणजे क्रम चुकलेला असेल तर नाणे नापास करता येते. क्रम बरोबर आहे एवढ्यावरून पास करता येत नाही. नवशिके संग्राहक फसतात ते नेमके इथे. ‘सगळे रंग क्रमाने आहेत’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी फार सोयीचे असते. क्रमातून कळते ते थराच्या जाडीचे. ती जाडी नाण्यावर कुठे जास्त, कुठे कमी, आणि तिथेच का, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर द्यायला नाणे कुठे पडून होते हे माहीत असावे लागते.

मॉर्गन डॉलरच्या बाबतीत ते माहीत आहे, म्हणूनच हे उदाहरण इतके उपयोगाचे. 1878 च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारला दरमहा किमान 20 लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडणे भाग पाडले. खाणमालकांना ते हवे होते. लोकांना इतक्या जड नाण्यांची गरज नव्हती. एका नाण्याचे वजन 26.73 ग्रॅम, त्यात नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांबे. लोक खिशात कागदी प्रमाणपत्रे बाळगत आणि त्यांच्या बदल्यात द्यायची नाणी फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लीन्स, सॅन फ्रान्सिस्को, कार्सन सिटी या टांकसाळींच्या आणि सरकारी खजिन्याच्या तळघरांत पडून राहत. ती ठेवलेली असत जाड कापडी पिशव्यांत, एका पिशवीत हजार. अशा पिशव्यांच्या थप्प्या कित्येक दशके हलल्या नाहीत. 1962 च्या अखेरीस फिलाडेल्फियाची अशीच एक मोहोरबंद तिजोरी उघडली, तेव्हा न्यू ऑर्लीन्सचा 1903 चा डॉलर पिशव्यांनी बाहेर पडला. तोवर ते नाणे अतिदुर्मीळ समजले जाई आणि किंमतसूचीत त्याच्यापुढे दीड हजार डॉलरचा आकडा होता. बघता बघता तो काही डझन डॉलरांवर आला. दुर्मीळतेचा भ्रम फुटला, आणि त्याच पिशव्यांनी रंगीत नाण्यांचा उगमही उघड केला. हजारातली बहुतेक नाणी एकमेकांत दाबलेली, त्यांना हवा कमी, म्हणून ती पांढरीच राहिली. कापडाला टेकून बसलेल्या थोड्यांवर रंग चढला, आणि तोही बहुधा कापडाकडच्या एकाच बाजूवर.

असे नाणे हातात घेऊन दिव्याखाली तिरके धरले की काय काय वाचता येते पाहा. अनेकदा रंगाची हद्द एक स्वच्छ वक्र रेघ असते, चंद्रकोरीसारखी, कारण शेजारचे नाणे त्याच्यावर अर्धवट चढून बसले होते. झाकलेला भाग पांढरा, उघडा भाग रंगीत, आणि त्या रेघेचा बाक बरोबर डॉलरच्या काठाच्या बाकाशी जुळतो. भिंगाखाली कधी कापडाची वीणही दिसते: उभ्या-आडव्या धाग्यांच्या बारीक ठशांत रंग किंचित गडद आणि किंचित फिका. त्याहूनही बोलकी खूण अक्षरांच्या कडेला असते. लिबर्टीच्या, म्हणजे नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या, मस्तकाभोवती कोरलेली अक्षरे आणि तारे उठावाचे; त्यांच्यावर कापड ताणले गेले की अक्षराच्या पायथ्याशी ते सपाटीला टेकत नाही, एक चिंचोळी फट राहते. त्या फटीच्या जागी थर वेगळ्या जाडीचा बसतो, म्हणून सभोवती किरमिजी असताना अक्षराला बिलगून एक बारीक सोनेरी किनार दिसते. ही किनार कापड, उठाव आणि भरपूर काळ यांच्या संगतीने तयार झालेली असते. ब्रशने किंवा वाफेने तिची हुबेहूब नक्कल करणे फार अवघड आहे. आणि या सगळ्याखालून नाण्याची मूळ लकाकी दिसत राहते. टांकसाळीत छाप बसताना धातू मधून काठाकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात. नाणे फिरवले की त्यांच्यावरून प्रकाशाचा झोत गोल फिरतो. अस्सल रंगाचा थर इतका पातळ असतो की तो झोत त्याच्यासकट फिरतो.

ओरखड्यांकडेही बघावे. पिशवीत नाण्यावर नाणे आपटून पडलेल्या खुणा मॉर्गन डॉलरवर, विशेषतः लिबर्टीच्या गालावर, जवळजवळ हमखास असतात. खूण रंगापेक्षा जुनी असेल तर तिच्या तळातही आजूबाजूचाच रंग सलग उतरलेला दिसतो. रंगापेक्षा नवी असेल तर ती पांढरी चमकते. पिशव्या आधी ओतल्या गेल्या, मग पडून राहिल्या, मग पुन्हा मोजल्या गेल्या, म्हणून अस्सल नाण्यावर दोन्ही प्रकारच्या खुणा सापडणे स्वाभाविक आहे. पण कापडाने घासल्यावर पडतात तसल्या बारीक समांतर रेघांच्या जाळ्यावर रंग सलग चढलेला दिसला, तर घटनाक्रम उघड होतो: नाणे आधी कोणीतरी पुसले आणि रंग नंतर आला. तो आपसूक आला असेलही. पण आता तो कुठल्या अस्पर्श पृष्ठभागाची ग्वाही देत नाही.

घाईने चढवलेल्या रंगाची वागणूक वेगळी असते. बंद डब्यात गंधकाची पूड घालून ऊब दिली, पोटॅशियम पॉलिसल्फाइडच्या द्रावणात बुडवले किंवा नुसतेच तापवले, तर दशकांचे काम तासा-मिनिटांत उरकते. वायू किंवा द्रव नाण्याला सगळीकडून एकदम भिडतो. त्याला कापडाचा अडसर नाही, शेजारच्या नाण्याची सावली नाही. परिणामी रंग उठावाची दखल न घेता अक्षरांवरून, चेहऱ्यावरून, काठावरून सरळ वाहत जातो, किंवा द्रव साचला तिथे डबक्यासारखा गडद होतो. रंगांमधली संक्रमणे आखूड असतात, सोनेरीपासून निळ्यापर्यंतचा पल्ला केसभर जागेत संपतो. कधी रंग धातूत मुरल्यासारखा न वाटता वर तरंगल्यासारखा वाटतो आणि खालची लकाकी मेलेली असते. ती मेलेली असण्याचे कारण बहुतेक वेळा रंग चढवण्याच्या हेतूतच असते. घासलेले, आम्लात बुडवून फिके पडलेले, ओरखडे बुजवलेले नाणे विकायचे तर त्याच्यावर पांघरूण हवे. चलनात फिरून झिजलेल्या नाण्यालाही हा तर्क लागू होतो. झीज झालेल्या उंचवट्यांवर, म्हणजे बोटे सर्वांत जास्त लागलेल्या जागी, भडक इंद्रधनुषी रंग असेल तर तो नाणे चलनातून गेल्यानंतरच आलेला असणार. मग तो कुठे आणि कशात आला, हे विचारणे ग्राहकाचा हक्क आहे.

पिशवी हा एकच साठा नव्हे, आणि प्रत्येक साठ्याची रंग चढवण्याची पद्धत निराळी. पुठ्ठ्याच्या जुन्या अल्बमांत नाणे गोल भोकात बसवलेले असे. पुठ्ठ्यातले गंधक काठाकडून आत येई, म्हणून अशा नाण्यांवर रंगाची वर्तुळे काठाशी गडद आणि मध्याकडे फिकी होत जातात, आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असतात. 1947 ते 1958 या काळात, 1950 वगळून, अमेरिकी टांकसाळ आपले वार्षिक संच पुठ्ठ्याच्या चौकटीत घालून विके; त्या संचांतली नाणी आज संग्राहकांना ओळखीच्या रंगांत दिसतात. अल्बमसारखी वर्तुळे आणि पिशवीची वीण एकाच नाण्यावर, तीही एकाच बाजूला, असे दिसले तर दोहोंपैकी एक साक्षीदार खोटा असण्याची शक्यता मोठी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे: संयुग तेच, रंग तोच, मग सौंदर्याला किंमत देणाऱ्याने उगमाची चौकशी का करावी? याला उत्तर असे की ती जादा किंमत नुसत्या रंगाची कधीच नव्हती. विसाव्या शतकात दीर्घकाळ पांढऱ्या चकचकीत नाण्यांना मागणी होती आणि असंख्य रंगीत नाणी थायोयुरियाच्या आम्लयुक्त द्रावणात बुडवून पांढरी करण्यात आली. सल्फाइडच्या थरातली चांदी नाण्याचीच असते. थर निघाला की ती चांदीही जाते, आणि प्रत्येक बुडीबरोबर छापाच्या त्या सूक्ष्म रेघा थोड्या थोड्या झिजतात. अशा काळातून एखादे नाणे आपसूक चढलेल्या जुन्या रंगासह आपल्यापर्यंत पोचले असेल, तर रंग चढू लागल्यापासून त्याला कोणी बुडवलेले नाही, याचा तो रंग पुरावा आहे. पांढऱ्या नाण्याकडे असा पुरावा नसतो. रंग चढवणारा माणूस सौंदर्य तयार करतो हे मान्य. पण ग्राहक ज्या पुराव्यासाठी पैसे मोजतो तो पुरावा हा माणूस बनावट तयार करतो. ‘हा रंग मी गेल्या महिन्यात दिला’ असे सांगून त्याने नाणे विकले तर माझी काहीच तक्रार नाही. तसे सांगून त्याला तो भाव मिळत नाही, यातच आक्षेपाचे उत्तर आले.

दुसरा आक्षेप हेतूबद्दल आहे. कोणी नाणे मुद्दाम गंधकयुक्त कागदाच्या पाकिटात घालून खिडकीशी दहा वर्षे ठेवले, तर तो रंग नैसर्गिक की कृत्रिम? आणि अल्बमात ठेवणाऱ्याला रंग हवाच होता की नव्हता, हे कोण सांगणार? हेतू नाण्यावर उमटत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. म्हणून हेतूवर आधारलेली व्याख्या तपासणीच्या कामाची नाही. उमटतात त्या वेग, स्पर्श आणि क्रम यांच्या खुणा, आणि तपासणी त्यांच्यापुरतीच करता येते. पाकिटातल्या त्या नाण्यावर संथ साठ्याच्या सर्व खुणा असतील तर ते स्वीकारले जाईल, आणि जायलाही हवे, असे माझे मत आहे. त्याचा पृष्ठभाग अस्पर्शच आहे. सीमेवरची अशी काही नाणी आहेत म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंना दूरवर असलेली नाणीही ओळखता येत नाहीत, हा निष्कर्ष मात्र निघत नाही. फुंकणीच्या ज्योतीने एका दुपारी निळा केलेला डॉलर आणि सत्तर वर्षे कापडाला टेकलेला डॉलर यांच्यात कुठलीही संदिग्धता नाही.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांवरच आहे. पीसीजीएस 1986 मध्ये आणि एनजीसी 1987 मध्ये सुरू झाली. या दोन अमेरिकी संस्था शुल्क घेऊन नाण्याची प्रत ठरवतात आणि ते प्लास्टिकच्या डबीत मोहोरबंद करून देतात. एकदा नाकारलेले नाणे दुसऱ्यांदा पाठवल्यावर स्वीकारले गेले, असे होते हे सर्व संग्राहक जाणतात. मग याला ज्ञान म्हणायचे कसे? मला या संस्थांची भाषाच अधिक प्रामाणिक वाटते. पीसीजीएसच्या नकाराच्या यादीत 91 क्रमांकाचे कारण आहे ते ‘शंकास्पद रंग’. ‘खोटा रंग’ असे तिथे म्हटलेले नाही. म्हणजे संस्था सांगते ती शक्यता, आणि मतभेद होतात ते मुख्यतः मधल्या पट्ट्यातल्या नाण्यांवर. यंत्रे हा पट्टा अरुंद करू शकतात, पुसून टाकू शकत नाहीत. पृष्ठभागाच्या सूक्ष्म विश्लेषणाने थराची जाडी कळते, त्यात अनपेक्षित मूलद्रव्ये असली तर तीही कळतात. पण सल्फाइडच्या रेणूवर तो कोणत्या साली तयार झाला याची नोंद नसते. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वी कौशल्याने रंगवलेले आणि नंतर शांतपणे पडून राहिलेले नाणे आज तज्ज्ञाला चकवू शकते. संग्राहकाने हे गृहीत धरूनच पैसे मोजावेत, आणि केवळ रंगासाठी मूळ किमतीच्या अनेकपट देताना नाण्याची मागची मालकी, जुना अल्बम, जुने छायाचित्र असे काहीतरी मागावे.

अस्सल म्हणजे चांगलेच, असाही अर्थ कोणी घेऊ नये. टोनिंग, म्हणजे नाण्यावर असा रंग चढणे, हे शेवटी गंजणेच आहे. सोनेरी-निळ्या टप्प्यात ते देखणे असते. काळ्या, खरखरीत टप्प्यात ते पृष्ठभाग खाऊ लागते, आणि मग रंग कितीही नैसर्गिक असला तरी नाणे खराब झालेलेच असते.

या सगळ्याचा आपल्याकडे एक थेट धागा आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात नोटा वटवायला चांदी पुरेनाशी झाली, तेव्हा अमेरिकेने 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानासाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. पंचम जॉर्जचा त्या सुमाराचा रुपया घरात असेल, तर त्यात एखाद्या मॉर्गन डॉलरची चांदी असू शकते. या रुपयांची आणि त्याआधीच्या राणीछाप रुपयांची आपण मात्र वेगळीच गत केली. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आधी चिंच, राख, रांगोळी किंवा दंतमंजन लावून ते घासले. पूजेला लखलखीत नाणे हवे ही भावना मी समजू शकतो, आणि पूजेसाठी एखाद-दुसरा रुपया वेगळा काढून ठेवायलाही हरकत नाही. पण अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे असलेल्या त्या 11.66 ग्रॅमच्या नाण्यावर रांगोळीचे कण काचपेपरचे काम करतात, आणि त्या रेघा पुन्हा कधी बुजत नाहीत. आपल्या बाजारात जुन्या रंगाचे, न घासलेले राणीछाप रुपये शोधावे लागतात ते यामुळे, आणि घासलेले रुपये पुन्हा ‘जुने’ करून विकणाऱ्यांना वाव मिळतो तोही यामुळेच.

म्हणून वडिलोपार्जित पेटीत असे रुपये सापडले तर ते धुऊ नका, पुसू नका, द्रावणात बुडवू नका. काठाला धरून उचला आणि आहेत तसेच जाणकाराला दाखवा. ते ज्या पुरचुंडीत, कागदात किंवा डब्यात सापडले तेही टाकून देऊ नका. कोणते नाणे कशात होते, कोणत्या बाजूने टेकलेले होते, याची चिठ्ठी लिहून सोबत ठेवा आणि शक्य तर हलवण्याआधी एक छायाचित्र काढा. पुढे कोणी रंगाबद्दल शंका काढली, तर दाखवायला तेवढे तरी हाताशी राहील.